वाक्य खरं, तोंड दुसऱ्याचं

बुधवार, १२ जून
दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

सौ. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. म्हणजे मनातल्या मनात. जिन्यात आपटलेला गुडघा अजून नीट वाकत नाही. आईचा खोकला कमी आहे. भावोजींना सांग, त्यांनी दुरुस्त केलेला पंखा छान फिरतो, फक्त आता थांबत नाही.

तू शिवलेले तिन्ही गाऊन पोचले. माप अचूक. आमच्या दिग्दर्शक बाई नाड्या ओढून बघत म्हणाल्या, "दवाखान्यात असे गाऊन मिळाले असते तर आपलं निम्मं नाटक वाचलं असतं." आत डावीकडे तू खिसा लावलास, तो मी सांगितलाच नव्हता. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "बाईला तिथे रुमाल ठेवायला जागा नसते गं." मग हळूच विचारलंस, "नाटक कशाचं आहे?" मी म्हटलं, आरोग्याचं. "बरं, पदवीबाई," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

ताई, नाटक बाळंतपणाचं आहे.

आमची पद्धत अशी. बाळंतपणात काय सोसावं लागलं ते आम्ही बायकांकडून ऐकतो आणि दवाखान्यात जाऊन तिथल्याच डॉक्टर-नर्सेससमोर करून दाखवतो. एकही वाक्य मनाने रचायचं नाही, कुणीतरी खरंच बोललेलं हवं. जिची कथा, तिला आधी सगळं वाचून दाखवायचं आणि तिची सही किंवा अंगठा घ्यायचा. प्रयोग चालू असताना बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणू शकतं, पुढे येऊन तिथे काय करायला हवं होतं ते करून दाखवू शकतं. माझा या कामावर जीव आहे. भाषणं ऐकून जांभया देणारी माणसं इथे डोळे पुसताना मी पाहिली आहेत.

चार कथा झाल्या होत्या. पाचवी मिळेना. तेव्हा एक मी लिहून दिली.

पहिलटकरीण. कोपऱ्यातली खाट. ती म्हणते, "काहीतरी वेगळं होतंय, कुणाला तरी बोलवा." नर्स म्हणते, "ओरडू नकोस. सगळ्यांना होतं तसंच तुला होतंय. लोक बघतायत." ती ओठ मिटते. दोन तास गप्प राहते. गप्प बाईकडे कुणी फिरकत नाही.

कागदाच्या तळाशी 'कथा सांगणारी' असं छापलेलं असतं. तिथे मी माझी सही केली. सांगणारी मीच नाही का, अशी मनाची समजूत घातली. नर्सचं काम माझ्याकडे होतं, तेही मी मागून घेतलं होतं.

पुढच्या प्रयोगांच्या यादीत त्या कथेतलाच दवाखाना आला, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

परवा सोमवारी तो प्रयोग झाला. डोक्यावर टोपी घालून मी "लोक बघतायत" म्हटलं आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "थांबा!"

त्याच नर्सबाई. तोच जाड चष्मा, भांडं आपटल्यासारखा तोच आवाज. त्या पुढे आल्या, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, "मी तोंडाची फटकळ आहे. पुष्कळ बायकांना नको नको ते बोललेय. पण हे वाक्य माझं नाही. त्या दिवशी खाटेजवळ एक मुलगी उभी होती, खांद्याला कॉलेजची पिशवी. हे ती बोलली."

दिग्दर्शक बाई माझ्याकडे वळल्या. मी पुटपुटले, "वाक्य खरं आहे."

"वाक्याचं नाही विचारत मी. तोंड कुणाचं?"

मी टोपी काढली. तेवढंच जमलं.

नर्सबाई मात्र परत जागेवर गेल्या नाहीत. नाटकातल्या नर्सच्या टेबलामागच्या खुर्चीत बसल्या. "ही मुलगी दोनदा माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच, समजाव तिला. आणि इथून उठले नाही. हे दाखवा की! हे माझं आहे." मग त्या उठल्या. कोपऱ्यातल्या खाटेपर्यंत चालत गेल्या. अकरा पावलं होती, ताई. खाटेवरच्या माझ्या मैत्रिणीच्या पोटावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय वेगळं वाटतंय, बाई? सांग मला." तिने तू लावलेल्या खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. ते नाटकात नव्हतं.

मी का बोलले तसं? मला लाज वाटली. दहा बायका बघत होत्या आणि माझी बहीण अडाण्यासारखी ओरडतेय, असं मला वाटलं. मी शिकावं म्हणून तू सातवीनंतर शिलाई मशीनवर बसलीस, आणि त्याच शिकलेल्या आवाजात मी तुला गप्प केलं. बाळ गेलं. आई म्हणते नशीब, भावोजी म्हणतात दवाखाना, मी म्हणते व्यवस्था. तू काहीच म्हणत नाहीस. या तीन वर्षांत तू कुणाला आतल्या खोलीतून साधी हाक मारलेलीही मी ऐकली नाही.

सोबत कथेचे कागद आहेत. आता ते वाक्य धाकट्या बहिणीच्या तोंडी आहे आणि ते काम मी करणार. खुर्चीत नर्सबाई स्वतः बसणार आहेत. पण 'कथा सांगणारी'पुढची जागा कोरी आहे, आणि तुझ्या होकाराशिवाय ही कथा कुठेही होणार नाही. चुकलं असेल तिथे खडूने खूण कर, कापडावर करतेस तशी. सगळंच नको असेल तर फाडून टाक. आम्ही चारच कथा करू. मी कारण विचारणार नाही.

माफ कर म्हणत नाही. म्हटलं की तू लगेच माझीच समजूत काढायला बसशील.

रविवारी सकाळी येते. चहा टाकू नकोस. दारातच माझ्यावर ओरडलीस तरी चालेल, ताई, चार घरांना ऐकू जाईल असं. कोण बघतंय ते मी बघणार नाही.

त्या खाटेजवळ उभी होती ती,
तुझी धाकटी