कान बांधून वाळवंटात

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी भांडायला फारसं काही उरलेलं नाही. एक भांडण मात्र अर्धवट राहिलंय, वाळवंटातलं. ते आज लिहून टाकते.

दोन हजार पाचचा मार्च होता. आम्ही तेव्हा अर्विंगला अपार्टमेंटमध्ये राहायचो. माझ्या बाळंतपणाला तू येणार म्हणून तिकीट आधीच काढलेलं, आणि आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मला वाटलं, तू आता तिकीट कॅन्सल करशील. तू ते अलीकडचं करून घेतलंस आणि बॅगभर डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा घेऊन हजर झालीस. आल्या आल्या माझे कान रुमालाने बांधलेस, पायांत मोजे चढवलेस, फ्रिजचं पाणी बंद केलंस. मी म्हटलं, "अगं, बाळ कुठाय?" तू म्हणालीस, "बाळ नसलं तरी तू बाळंतीण आहेस. कंबर काय विचारून दुखणार आहे?" तुझ्याशी वाद घालण्याएवढंही त्राण माझ्यात नव्हतं. मी लाडू खाल्ला.

भेटायला येणारे दारातूनच "होतं यार असं, नेक्स्ट टाइम" म्हणायचे आणि मग ग्रीन कार्डावर बोलायचे. तुझ्या जावयाला माझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून त्याने उपाय काढला. ऑफिसात नकाशे प्रिंट करून आणले आणि म्हणाला, "बिग बेंडला जाऊ. डेझर्ट आहे, मस्त सीनिक रोड आहे, मोकळं वाटेल हिला." किचनमध्ये तू मला म्हणालीस, "ओल्या बाळंतिणीला दहा तास गाडीत? डोकं फिरलंय का त्यांचं?" आणि बाहेर येऊन त्याला, "तुम्ही म्हणता तर जाऊ. पण काच खाली करायची नाही." त्याने कबूल केलं बिचाऱ्याने.

तो रस्ता अजून जसाच्या तसा दिसतो मला. डोंगराच्या पायथ्यापासून गुळगुळीत डांबरी सडक निघते आणि वळणं घेत खाली खाली नदीकडे जाते. दोन्ही बाजूंना काटेरी काठ्यांची झुडपं, त्यांच्या टोकांना लाल फुलं. मधेच राखेसारखी पांढरी माती, मधेच काळा कातळ. दर थोड्या अंतरावर गाडी थांबवून बघायच्या जागा. बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि आत माझे कान बांधलेले, एसीची झडप तू माझ्यावरून वळवून त्याच्यावर सोडलेली. तू मागे बसून थर्मासमधलं कोमट पाणी पुढे देत्येस. मला त्या सगळ्याचं काहीच वाटत नाही, ना सुंदर, ना भकास. डोळे उघडे आहेत म्हणून दिसतंय, इतकंच. तू मात्र विचारतेस, "नदीपलीकडे मेक्सिको ना? मग शेळ्यांनाही व्हिसा लागत असेल." तो हसतो. मी नाही.

मग एका थांब्यावर त्याने तुझा डबा उघडला आणि सहज विचारलं, "आई, अळिवाचे नाही केले? माझ्या बहिणीला तुम्हीच पाठवले होते." तू म्हणालीस, "या खेपेला अळीव चांगला मिळाला नाही हो." अळिवाने दूध वाढतं हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. अंगावरचं दूध अजून आटलं नव्हतं, ब्लाउज सारखा ओला व्हायचा, आणि तू न बोलता जुन्या साडीच्या मऊ घड्या हातात ठेवायचीस. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या थांब्यावर तो फोटो काढायला गेला. आपण दोघी कठड्याशी उभ्या होतो. हॅट घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझा रुमाल पाहून विचारलं, "पुअर थिंग, इअरएक?" मी मान हलवणार, तेवढ्यात तू बोललीस, "नो इअर. डिलिव्हरी." तिचा चेहरा उजळला. "बॉय ऑर गर्ल?" मला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. तू शेजारणीशी बोलावं तसं म्हणालीस, "गर्ल." बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले. "काँग्रॅच्युलेशन्स, हनी!" तूच म्हणालीस, "थँक्यू."

गाडीत बसल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. "काय गरज होती? जगभर दवंडी पिटायची आहे का?" तू शांतपणे म्हणालीस, "खोटं काय सांगितलं? मुलगीच झाली ना तुला?" त्याने गाडी सुरू केली. थेट नदीपाशी थांबवली. तिथे उंच कड्याच्या चिरेतून नदी बाहेर पडते, लोक लांबून ते पाहायला येतात. मी खाली उतरलेच नाही. परतीच्या वाटेवरही तुझ्याशी बोलले नाही, आणि पुढे तू होतीस तोवर तो विषय मी कधी काढू दिला नाही.

नंतर मुलगा झाला, तेव्हा फोन, फुलं, पेढे, सगळं झालं. हे पत्र मी थोड्या वेळाने फाडून टाकेन, ठेवून तरी कोणाला दाखवू? पण त्याआधी एवढं सांगते. माझ्या मुलीसाठी मला मिळालेलं ते एकुलतं एक अभिनंदन होतं, आई. मला ते हवं होतं गं.