स्वतः जाऊन पाहिले

सेलू, ५ जानेवारी २०२५

ती. सुलोचनाताईस,
अंकुशचा सा. जयभीम. वि. वि.

तुझ्याविरुद्ध एक तक्रार गुदरत आहे. आपल्या आरोग्य-वहीच्या आर्वीकडच्या दवाखान्यांच्या नोंदी तू तपासून पाठवल्यास, त्याबद्दल आभार; परंतु त्याच पिशवीत चकल्या घालण्याचं प्रयोजन काय? तेल नेमकं मधुमेह तपासणीच्या पानावर उतरलं. आता त्या पानातून पलीकडचा दंतवैद्य दिसतो. चकल्या तुझ्या लाडक्या भाचीने, काजलने, संपवल्या, त्यामुळे पुरावा उरलेला नाही.

वहीला नवा नियम केला आहे. केळझरच्या लहानूने एका हाडवैद्याचा पत्ता दिला होता. बापूराव मोडका हात घेऊन तिथे पोचले तेव्हा कळलं, वैद्य दोन वर्षांपूर्वीच गाव सोडून गेले. लहानू म्हणे, मी तसं ऐकलं होतं. म्हणून यापुढे ऐकीव नोंद नाही. जो स्वतः जाऊन आला त्यानेच लिहायचं आणि खाली सही करायची. शास्त्रात शब्दप्रमाणाला मान आहे, पण मोडक्या हाताला प्रत्यक्षच लागतं.

संपूर्ण कच्ची प्रत पाठवतो, डोळ्यांखालून घाल. पान चौदा कोरं आहे, तेवढं सोडून दे.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं स्वतःच बोलतेस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं. काजल मजेत. पानापानावर शिक्का तीच मारते. उत्साहात माझ्या बाहीवरही मारला.

लोभ वाढता ठेव, फक्त वेगळ्या डब्यात.

तुझा,
अंकुश

आर्वी, ९ जानेवारी

चि. अंकुशले,
ताईचा जयभीम अन् अ. आ.

तुही वही दोन दिवस वाचून राह्यली. पान नऊवर थांबली. तिथं लिहिलं हाय, वर्ध्याचं मोठं रुग्णालय, घशाच्या गाठीवर किरणोपचार, तळमजला. आठच्या आत नंबर लावावा. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात, घाबरू नये, मनात शंभर मोजावेत. तिसऱ्या आठवड्यापासून गिळवत नाही, पातळ पेज सोबत न्यावी. खाली सही तुही.

पहिले वाटलं, कोणाच्या सोबतीले गेला असशील. पण मुखवटा किती घट्ट बसते, हे सोबतीच्या माणसाले कसं कळते? मंग तुह्या शेजारच्या शकुंतलाबाईले फोन लावला. ती रडली. म्हणे, मास्तर रोज सकाळी काजलले माह्यापाशी सोडून वर्ध्याले जातात, आवाज पार बसला हाय, कोणाले सांगू नका म्हणतात.

दिवाळीपासून तुहा फोन नाई. मी आपली म्हणत होती, मास्तरले पत्राचं याड लागलं. लहानपणी ताप आला तरी तू मले आधी सांगे, आईले मागून. आता काऊन नाई सांगितलं?

पान चौदाबी पाहिलं. वर मथळा, आई-बाप गेल्यावर, जन्मभर आधार लागणाऱ्या मुलांना सांभाळणारे. खाली काजलचा शिक्का, बाकी काई नाई. माहं नाव लिही तिथं. पेनानं लिहिजो. मी रविवारी, एकोणीसले येते. तुले आवाज नसला तरी चालते, मी बोलीन.

जीव लावला हाय, तो तोडू नको.

तुही,
ताई

सेलू, १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. जयभीम. वि. वि.

अनुमानात तू उत्तीर्ण. ते पान लिहिताना एवढंच डोक्यात होतं, की पुढच्या माणसाला मुखवट्याची भीती वाटू नये. स्वतःला लपवायचं राहून गेलं.

सांगितलं नाही, कारण तू आली असतीस. काजलची आई गेली तेव्हा तू आली होतीस. तेव्हापासून तू दारात दिसलीस की काजल आधी घरातल्या चपला मोजते, कुणी कमी झालं का म्हणून. बावीस वर्षांची झाली, पण मोजणं तिला तेवढंच येतं.

तीस दिवस झाले, पाच उरले. गाठ विरायला हवी होती तितकी विरलेली नाही, असं डॉक्टर म्हणतात. आवाजाबद्दल ते काहीच म्हणत नाहीत. काजलला नावाने हाक मारल्याशिवाय ती जेवायला बसत नाही, तुला ठाऊक आहे. हल्ली मी ताट वाजवतो. पहिले दोन दिवस ती उपाशी राहिली. आता येते, पण घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत बसते.

लोकांना वाटतं, बायको गेल्यावर मास्तर समाजकार्याला लागले. मला एकच पत्ता हवा होता गं. बाकीचे एकशे साठ वाटेत सापडले. पान चौदासाठी मी नागपूरपर्यंत अकरा ठिकाणी गेलो. कुठे अठराच्या आतलीच मुलं घेतात, कुठे मुली घेत नाहीत. एका ठिकाणी जागा होती, पण खोलीला कडी बाहेरून होती. तिथली नोंद मी केली नाही.

तुझं नाव लिहिलं आहे. पेन्सिलीने. रागावू नकोस. तू बासष्ट वर्षांची, एसटीच्या पायरीवर कंडक्टर तुला हात देतो. मी संस्कृतचा मास्तर असलो तरी वजाबाकी मला येते.

रविवारी ये. आलीस की चपला काढताना तिच्याकडे बघून हस.

आणि पान नऊवर एक ओळ खोटी आहे. मुखवट्याखाली मी शंभर मोजत नाही. काजल माझ्याआधी जावी, एवढंच रोज मागतो. बाप असून.

माझ्या वाटचा लोभ तिच्याकडे वळव.

तुझा,
अंकुश