माझ्या दुसऱ्या पुस्तकाची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. दडपण आणणारे खाली जेवायला बसले आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे. तिच्याविषयी शंका घेतात ती एवढ्याचसाठी, की मला माझेच पहिले पुस्तक आता पटत नाही.

१. राहते घर माझे नाही. ते माझ्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे आहे आणि संस्थेचे संचालक माझे जावई आहेत. त्यामुळे वाटणीचा प्रश्न मिटला.

२. पहिल्या पुस्तकात मी लिहिले होते, ‘कामगार पाण्यासारखा असतो, काम असेल तिकडे वाहत जातो.’ या वाक्याच्या आधाराने सरकारने गिरण्या बंद केल्या. माझा थोरला भाऊ त्यांतल्याच एकीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. तो कुठेही वाहत गेला नाही, दारात खुर्ची टाकून बसला. मी म्हटले, “दादा, दुसऱ्या शहरात काम आहे.” तो म्हणाला, “आणि आईला काय पाठुंगळीला मारून नेऊ?” त्या पुस्तकाचे सर्व हक्क दादाच्या मुलीला. तिने ते छापावे किंवा रद्दीत घालावे.

३. पहिल्याला खोडून काढणारे दुसरे पुस्तक दादाच्या त्या प्रश्नातून झाले. ते जावयांच्या कपाटात कुलूपबंद आहे. छापू या म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, “जरूर छापू, बाबा. फक्त आईंच्या औषधपाण्याचं मग तुम्ही बघा.” ही, माझी बायको, तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मी लेकीकडे पाहिले तर ती म्हणाली, “बाबा, माझंही घर त्यांच्याच हातात आहे हो.”

संस्थेच्या सभेत एकदा मात्र उठून सांगितलेच, की माझा सिद्धांत चुकला. नम्रता समजून टाळ्या पडल्या. एक विद्यार्थी हळूच म्हणाला, “सर, मूळ पुस्तक पुन्हा एकदा वाचा ना.” तेव्हापासून जावयांनी फाटकावर ठेवलेला माणूस मला बाहेर सोडत नाही.

मग हिच्या उशाशी बसून सगळे पुस्तक नर्सबाईंना पुन्हा तोंडी सांगितले. ही पडल्यापडल्या म्हणायची, “वाक्य लांबलं. श्वास घ्या.” गेल्या महिन्यात ही गेली. नर्सबाईंनी लिहून घेतलेली प्रत पुतणीकडे पोहोचली आहे.

४. लेकीला हिच्या बांगड्या. माझा तिच्यावर राग नाही.

५. संस्थेने घडवलेला माझा अर्धपुतळा जावयांना. तो उलट बोलत नाही.

६. दुसरे पुस्तक पुतणीने ताबडतोब छापावे. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

साक्षीदार : १. नर्सबाई (सही)
२. दाढी करायला येणारे न्हावी (सही)

स्थळ : माडीवरची खोली
दिनांक : ३ मार्च
(सही)