एकशे बासष्टचा नारळ

होटगी रोड, सोलापूर

ति. दाजींना जोतीरामचा वाकून नमस्कार. विजयमालाअक्काचे गुडघे आणि तुमची ज्वारी, दोन्ही बरी असावीत. इकडे ऊन सोडलं तर सगळं बरं.

प्रेशरचं मशीन मला पडलं ते असं: अठराशे रुपये, तीन आठवडे शेंगाचटणी बंद आणि बायकोचा अबोला (झोपेत तिच्या मनगटाला पट्टा बांधला म्हणून). माझं एकशे वीस आणि ऐंशी, तुम्हाला ठाऊकच आहे. पंचविशीतल्या पोराचं असावं असं. मोटार-पंपाच्या दुरुस्तीत तीस वर्षं गेली, विहिरीच्या काठावर उभं राहून नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. म्हटलं, काळीज म्हणजे तरी काय, एक पंपच की. वरचा आकडा म्हणजे पंपाचा जोर, हे लगेच कळलं. खालच्यानं मात्र छळलं. दोन ठोक्यांच्या मधे पंप विसावतो, तर आकडा शून्यावर का येत नाही? ऐंशीवरच का अडतो? व्हॉल्व्ह चिकटला असणार, या भीतीनं दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शेवटी गल्लीतल्या महेश्वरी डॉक्टरांना गाठलं. त्या म्हणाल्या, रक्ताच्या नळ्या रबरासारख्या ताणलेल्या असतात, पंप विसावला तरी दाब धरून ठेवतात. शून्यावर आला असता तर तुम्ही विचारायला आला नसता. मग वरचा आकडा जितका मोठा तितका पंप दणकट ना, असं मी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मिस्त्री, तुमच्या लाइनीत प्रेशर लई वाढलं तर काय होतं?"

"पाइप फुटतो की," मी म्हणालो, आणि लगेच तुमची आठवण झाली.

तुमचा,
जोतीराम

ता.क. मंगळवेढ्यात युवराजच्या साखरपुड्याला मी पंगतीतून उठवून एकेकाचं प्रेशर घेतलं. तुमचं एकशे बासष्ट आणि शंभर, सगळ्यांत जास्त, म्हणून पहिला नंबर देऊन नारळ तुमच्या हातात ठेवला. अक्का सांगते, तो आकडा तुम्ही अजून पारावर सांगता. दाजी, तो नारळ परत घेतला असं समजा आणि याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन मोजून घ्या. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा (अवघड आहे, जाणतो) आणि हात छातीच्या उंचीला ठेवा.

ता.क. दुसरा: पंपाचं गेज वाचतात तसं मी मनगट डोळ्यांसमोर धरत होतो. हात वर गेला की आकडा खाली येतो. डॉक्टरांनी माझं तीन वेगवेगळ्या दिवशी नीट मोजलं, एकदाही एकशे अठ्ठेचाळीसच्या खाली आलं नाही. सोमवारपासून मला गोळी सुरू आहे.