चूक एका ओळीची होती

प्रिय ताई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, खोलीला मोठी खिडकी आहे. बाबांचा खोकला कमी झाला का?

ऑफिसातलं टायपिंग सोडून चाळिशीत प्रोग्रामिंग शिकायला बसले, ते हळूहळू जमतंय. परवा मात्र माझा हजेरीचा प्रोग्राम सगळ्यांचा रविवारचाही खाडा मांडायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या सिनियरला विचारलं. "एवढं साधं मला नका विचारू, नेटवर विचारा," म्हणाला. मग नवशिक्यांच्या फोरमवर नाव न घालता प्रश्न टाकला.

लगेच उत्तर आलं, "हे जमत नसेल तर दुसरं काम शोधा." मान वळवली, तर ते त्या सिनियरच्याच स्क्रीनवर होतं. त्यानेच लिहिलेलं. चार जणांना बोलावून तो वाचून दाखवत होता. मीही हसले, ताई. दुसरं काय करणार?

चूक एका ओळीची होती. शोधायला मला दोन दिवस लागले. साहेबांना तो म्हणाला, "मीच दाखवली त्यांना." मी मान डोलावली.

आता मी कुणाला काही विचारत नाही. बाबांना सांग, इथली माणसं चांगली आहेत, सांभाळून घेतात.

तुझीच,
धाकटी