सकाळी बोंबलणाऱ्या गाडीबद्दल विहीणबाईंना

तलवाड्याच्या सौ. सारजाबाई विहीणबाईंना,

मांजरसुंब्याच्या वाडीवरून छबुबाईचा नमस्कार. वयानं मोठी म्हणून आशीर्वादबी माझाच, आन पोरीकडची म्हणून वाकायचंबी मीच. दोन्ही एकदमच घ्या. तुमचा गुडघा कसा हाय? अर्जुनराव व्याह्यांचं डोकं चक्कीच्या पिठानं पांढरं दिसतंय का आता वयानंच झालंय? आमची सुकन्या नीट जेवती का? फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आन ठेवल्यावर दोघींनाबी काही कळलेलं नसतं. म्हणून सुकन्येच्या आईला, आमच्या रोहिणीला, समोर बसवून सांगती हाय. (मला अक्षर येत न्हाई, सूनबाई काय काय घालती ते देवाला ठाऊक. आता मान वर करून बघितलं तिनं. लिही गं.)

मागच्या पंधरवड्यात माझा लेक सुंदरराव त्याच्या लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणायला तुमच्याकडं गेलता. मुक्काम झाला, सकाळी पोरीची ओटी भरली, आता बसायचं म्हणून ह्यानं गाडी सुरू केली आन गाडीनं जी बोंब ठोकली! तुमची म्हैस दावं तोडून पळाली म्हणं. तुमी पोरीचा हात धरून म्हणालात, "असल्या तोफंत माझी सून बसायची न्हाई. पोटातलं लेकरू दचकंल." सुंदरराव रिकामी गाडी घेऊन परत. आता सातवा सरत आला. आठवा लागला की गरवार बाईला वेशीबाहेर काढत न्हाईत, हे तुमाला मी काय सांगावं? पोरीचं पहिलं बाळंतपण माहेराबाहेर झालं तर मी वाडीत कोणत्या तोंडानं फिरू? (तोंड एकच हाय, तेबी बोळकं.)

मग आमी गाडीच्या मागं लागलो. शेजारचा तानाजी, ज्याच्या दारात कधी सायकल उभी राहिली न्हाई, बॉनेटला कान लावून म्हणाला, "इंजिन गेलं. विकून टाक गड्या." सुंदररावानं तेल बदललं, पट्टा बदलला, बोंब तशीच. मग अजिनाथ मिस्त्रीकडं मांजरसुंब्याला नेली. पण एकदा सुरू होऊन चार शेतं वलांडली की गाडी तापती आन गप होती. अजिनाथच्या दारात ती बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं पोरगी बसावी तशी बसली. किती बंद-चालू केली, हूं की चूं न्हाई. अजिनाथ म्हणाला, "दादा, आवाज गाडीत हाय का तुमच्या कानात?"

शेवटी तोच म्हणाला, रातभर थंड पडलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होताना मला ऐकवा. म्हंजे मिस्त्रीच मुक्कामाला आणायचा. आणला. मुक्कामाच्या पाहुण्याला कोंबडी कापल्याबिगर आमच्याकडं सुटका न्हाई, ती कापली. जावयाला वाढला नसंल एवढा रस्सा वाढला. (तुमच्या लेकाला, जीवनला, हे सांगू नका.)

सकाळी अजिनाथ मळ्यात पाण्याच्या मोटारीखाली आंघोळीला गेला. इकडं सुंदररावाला घोर लागला: मिस्त्रीपुढं आवाज आलाच न्हाई तर? म्हणून आवाज जागेवर हाय का ते बघायला ह्यानं गाडी सुरू केली! अख्खी वाडी उठून बसली. अजिनाथ तेवढा पाण्याच्या धबधब्यात, त्याला काय ऐकू जातंय? तो अंग पुसत आला, चावी फिरवली, गाडी गप. आन सुंदरराव आनंदानं सांगतोय, "आत्ताच होता की आवाज! मी सोता ऐकला!" अजिनाथनं कपाळाला हात लावला. मी म्हणलं, मिस्त्री, आजबी राहा, ह्याला मी दावणीला बांधते. दुसरी कोंबडी गेली.

त्या राती चावी मी पदराला बांधून निजले. सकाळी ती अजिनाथच्याच हातात दिली, बोंब झाली आन तो हसला. खाली लोळून बघितलं आन सांगितलं, सायलेन्सरचा नळा इंजिनाला जिथं बसतो तिथलं पॅकिंग जळालंय, एक बोल्टबी तुटलाय. थंडपणी फट राहती, तिथून बोंब निघती. तापलं की लोखंड फुगतं आन फट मिटती. मला लगेच पटलं. सुंदररावाचं तसंच हाय. उठल्याउठल्या घर डोक्यावर, चहा पोटात गेला की माणसात येतो. त्याचं पॅकिंग कुठं मिळत असतं तर मी कवाच बदललं असतं. गाडीचं मिळालं. आता सुरू झालेली कळतबी न्हाई.

पण विहीणबाई, एक विचारू? तुमच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की. ते लेकरू सात महिने चक्कीच्या घरघरीत वाढलंय. ते गाडीला कावून दचकंल? चक्की बंद पडली तर दचकंल. मला वाटतं, गाडी सुरू झाल्यावर दचकलं ते दुसरंच कोणीतरी. तुमाला लेक न्हाई. लग्न झाल्यापासून सुकन्येची वेणी तुमीच घालता, हे ती आमाला सांगती. तवा दोष गाडीला देऊ नका.

सुंदरराव गाडी घेऊन आलाय, पत्र त्याच्याच हाती देती. पोरगी धाडा.

तुमची,
छबुबाई

ता. क. गाडी गप झाल्यापासून शेजारची बायनाबाई रुसली हाय. ती त्या बोंबेवर उठून धार काढायची. आता बायनाबाई निजती आन म्हैस वरडती.

ता. क. दुसरा. खरं बोलायचं ते इथं. सुकन्या फोनवर म्हणाली, "आजी, संगं आत्याबी आल्या असत्या तर..." सासूला आत्या म्हणती आन तीच पायजे म्हणती! मी सख्खी आजी, मला राग आला. दुपारपर्यंत टिकला. तर तुमीबी तिच्यासंगं या. बारसं होईस्तोवर चक्की अर्जुनराव बघतील. सासू सुनेच्या माहेरी राहिली म्हणून लोक बोलतील, त्यांचं मी बघते.

ता. क. तिसरा, रोहिणीचा. विहीणबाई, हे मी सासूबाईंना वाचून दाखवणार नाही. पत्र द्यायला हे एकटेच आत येतील, पण सासूबाई गाडीतच बसलेल्या असतील, नवं लुगडं नेसून. तुम्ही हो म्हणेपर्यंत उतरणार नाही असं त्यांनी ठरवलंय. गाडीत त्यांना फार मळमळतं, तरी निघाल्यात. आधी त्यांना लिंबाचं पाणी द्या, मग काय ते भांडा.