चिकनगुनियाची गोधडी

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज चिकनगुनियाचा मुडदा पाडला. नात अक्षदाने टेबलावर कागदाचा चेंडू ठेवलेला. म्हणाली, आजी, हा चिकनगुनियाचा विषाणू, लाखो पट मोठा. ज्याने सहा महिने माझे गुडघे कुटले तो माझ्याच घरात. ती आंघोळीला गेली, मी लाटण्याने ठेचला.

संध्याकाळी
येत्या सोमवारी ठाण्याला कॉलेजात तोच दाखवायचा होता म्हणे, त्यावर रिसर्चची सीट. गणिताने विषाणूचं कवच कसं जोडलंय ते कळतं, मग कुठे उसवायचं ते शोधता येतं. उसवायचं म्हटल्यावर पटलं. म्हटलं, कापडाचा शिवून देते. नको म्हणाली. मी ऐकलं नाही.

मंगळवार, ४
नाइलाजाने तिने तुकडे कापून दिले. तीस सहाकोनी, बारा पाचकोनी. पाचकोनींना हात लावू नकोस, सगळी गोम त्यांच्यातच आहे म्हणे.

गुरुवार, ६
पाचकोनी बघवत नाहीत. गोधडीला असले नकटे तुकडे लावले असते तर सासूने माझा हात मोडला असता. पोरगी कापताना चुकली, लाजेने बोलत नाही. बाराही टराटरा फाडले, सहाकोनी लावले. तिला सांगणार नाही. माझं मन मोठं.

शनिवार, ८
सपाटच राहतंय. वाकेल. कापडाला मार लागतो.

दुपारी
कपडे धुवायच्या दांडक्याने बडवलं. गुडघ्याखाली दाबून कडा ओढल्या. शिवण टरकली, सुई अंगठ्यात घुसली. रक्त आलं, माझं. खालच्या रखमाबाई वर आल्या, सुनेला मारता का विचारायला. म्हटलं, विषाणूला. मग चालू द्या म्हणाल्या.

रविवार, ९
अक्षदाने बघितलं. म्हणाली, नुसते सहाकोनी जोडून जन्मभर बडवलंस तरी चादरच होणार. मध्ये पाचकोनी आला की कापड आत ओढलं जातं, वाकतं, चेंडू मिटतो. एवढं विषाणूला कळतं, आजी. पुढचं मी ऐकलं नाही. दिवसभर बसून तिने कागदाचा नवा चिकटवला. माझी चादर पण घडी करून बॅगेत टाकली. म्हणजे आवडली.

सोमवार, १०
सीट मिळाली. माझ्यामुळे. चेंडू बघून सरांनी नुसती मान हलवली म्हणे, चादर पसरल्यावर सगळे उठून जवळ आले. सरांनी ठेवून घेतली, वर्गात लावायला. फोटो आणलाय. चेंडू कपाटात, माझी अख्ख्या भिंतीवर. दोन्हींखाली चिठ्ठ्या. चेंडूखाली इंग्रजी आहे. माझ्याखाली अक्षदाने मुद्दाम मराठीत लिहायला लावलं, आजीला वाचता यावं म्हणून. चौथीपर्यंत शिकलेय, वाचलं. एकच शब्द:
चूक.